डोंगरवाटेचा पाहुणा आणि पायथ्याचे गाव

आषाढाच्या सरी पडून गेल्या की सातमाळ्याचे कडे हिरवे होतात, पाटणादेवीच्या रानातील धवलतीर्थ व केदारकुंड हे धबधबे वाहू लागतात, आणि दर रविवारी चाळीसगाव, जळगाव, धुळे, मालेगाव येथील तरुण मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून डोंगर चढू लागतात. उत्तरेकडे सातपुड्यात, यावल तालुक्यातील मनुदेवीच्या धबधब्याकडे व रावेर तालुक्यातील पालकडेही अशीच रीघ लागते. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर तर पहाटेपासून वर्दळ असते. डोंगर पाहण्याची ही आवड वाढते आहे, ती थांबणार नाही, आणि थांबावी असेही नाही. प्रश्न एवढाच आहे की हा पाहुणा डोंगरावर येऊन जातो तेव्हा पायथ्याच्या गावाच्या हाती काय राहते.

आज बहुतेक ठिकाणी जे राहते ते चांगले नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खाद्यपदार्थांची चकचकीत पाकिटे, तीन दगडांच्या चुलीची राख आणि तुडविलेला बांध. मोटारभाडे शहरातल्या मालकास, जेवणाचा पैसा हमरस्त्यावरील ढाब्यास, व सहलीची वर्गणी सहल भरविणाऱ्यास जाते. ज्या पाड्यातील मुलाने रस्ता चुकलेल्यांना संध्याकाळी खाली आणून सोडले, त्याला चहा मिळतो. हा व्यवहार गावाने आपल्या हाती घेतला तर शेतीला एक चांगला जोडधंदा मिळू शकतो, आणि डोंगरही राखला जाऊ शकतो. मात्र त्यासाठी कोणत्या क्रमाने काय करावे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

हा क्रम पाहावयाचा असेल तर धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाड्यास जावे. गुजरातच्या सीमेलगतचे हे सुमारे शंभर घरांचे कोकणा आदिवासींचे गाव. तीन-साडेतीन दशकांपूर्वी भोवतालचे डोंगर उघडे पडले होते, उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मिळत नव्हते आणि माणसे मजुरीसाठी बाहेर पडत होती. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने व वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने १९९० नंतरच्या वर्षांत गावाने जंगल राखण्यास आरंभ केला. गावानेच नियम केले. कुऱ्हाड लावणाऱ्यास दंड, खबर देणाऱ्यास बक्षीस, राखणदार गावाचा आणि त्याचा मोबदलाही गावाचा. जोडीला उतारावर चर खणले, ओघळीत दगडी बांध घातले. आज सुमारे अकराशे एकर रान या गावाने राखलेले आहे. विहिरींना पाणी आले, भाताचे पीक सुधारले आणि स्थलांतर कमी झाले. २००४ पासून तेथे रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते. घरोघरच्या स्त्रिया रानातील पाला, कंद, मोहोर व शेंगा यांचे पदार्थ मांडतात आणि ते पाहण्यास व चाखण्यास दूरदूरची माणसे येतात. २०२५ मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

या हकिकतीत पाहुण्याचे स्थान शेवटी आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बारीपाड्याने पाहुण्यांसाठी जंगल वाढविले नाही. जंगल गावासाठी वाढले, पाणी गावासाठी अडले, आणि मग ते पाहण्यास पाहुणा आला. पुष्कळ गावांत याच्या उलट चालते. आधी फलक लागतो, मग टपरी उभी राहते, मग धबधब्याखाली गर्दी होते, आणि दोन पावसाळ्यांत तेथे पाहण्यासारखे काही उरत नाही.

पाटणादेवी परिसराची गोष्ट थोडी वेगळी आहे. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचे प्राचीन मंदिर आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, असे सांगणारा शके ११२८ च्या सुमाराचा शिलालेख याच पाटण गावी सापडला. वर कण्हेरगडाचा किल्ला आहे, आणि रानातून पुढे गेले की कड्यात कोरलेली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी लागतात. ती इसवी सनापूर्वीची आहेत. एका दिवसाच्या पायपिटीत देऊळ, गड, धबधबा आणि लेणी पाहता येतील अशा जागा महाराष्ट्रात फार नाहीत. हा सारा मुलूख गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात किंवा त्याच्या कडेला आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. (ज्या औट्रम साहेबाचे नाव घाटाला आहे त्याने १८२५ च्या सुमारास खानदेशातील भिल्ल तरुणांची पलटण उभारली. त्या काळीही या डोंगरातून साहेबाला वाट दाखविणारा पायथ्याचा भिल्लच होता.)

अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे, आणि गावातील वाटाड्याने तो पाहुण्याइतकाच, किंबहुना अधिक, समजून घ्यावयास हवा. वनखात्याच्या परवानगीवाचून आत जाता येत नाही, आग पेटविता येत नाही, प्राण्यांना त्रास देता येत नाही. लेण्यांच्या भिंतींवर नाव कोरणे हा पुरातत्त्वविषयक कायद्याने गुन्हा आहे. सातपुड्यातील यावल अभयारण्य १९६९ चे, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे, त्यालाही हेच नियम आहेत. ज्या गावांना वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तेथे ग्रामसभेला वन राखण्याचा अधिकार व जबाबदारी दोन्ही आहेत. अशा ग्रामसभेने वाटेविषयी ठराव केला तर त्याला वजन राहते. घरी पाहुणे ठेवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, आणि पदभ्रमणाच्या सहली भरविणाऱ्या संस्थांसाठी २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणी आवश्यक केली आहे. बाहेरची संस्था मोठी टोळी घेऊन आली तर नोंदणी दाखविण्यास सांगण्यात काहीच गैर नाही.

आता वाटेकडे वळू. हा विषय शेतकऱ्यास कोणाही तज्ज्ञापेक्षा लवकर समजेल, कारण तो मातीचा आहे.

डोंगरावरची जुनी वाट पाहा. ती सरळ वर जात नाही. गुराख्यांनी व गुरांनी पाडलेली वाट उताराला तिरपी असते, वळणे घेत चढते. शहरी तरुणाला ही वळणे कंटाळवाणी वाटतात. उतरताना तो दोन वळणांच्या मधून सरळ घसरत खाली येतो. त्याच्या मागून दुसरा, मग वीस जण. पावसाळ्यात गवताची मुळे निघतात, घसरणीची एक रेघ पडते आणि पुढच्या सरीचे पाणी तीच रेघ धरते. सपाटीवर ज्या पाण्याला आपण बांध घालून चालावयास लावतो, ते येथे पळू लागते. एका हंगामात रेघेची घळ होते आणि दोन-तीन हंगामांत तिचा नाला होतो. ती माती खाली कोणाच्या तरी शेतात नाही तर पाझर तलावात गाळ होऊन बसते. खानदेशात पाऊस मुळात बेताचा आणि डोंगरावर मातीचा थर पातळ. तो एकदा गेला की आपल्या हयातीत परत येत नाही.

यावरचा उपाय आपणास ठाऊक असलेल्या कामांपैकीच आहे. सरळ घसरणीच्या तोंडाशी व तळाशी काटेरी झुडपांच्या फांद्या व मोठे दगड टाकून ती बंद करावी. मुख्य वाटेवर, चढ जितका अधिक तितक्या कमी अंतरावर, वाटेला आडवी व किंचित तिरपी दगडांची ओळ जमिनीत पुरावी. ओळीचा खालचा शेवट वाटेबाहेर गवतात काढावा, म्हणजे वाटेने धावणारे पाणी तेथे बाजूस वळते. दगड निम्म्याहून अधिक पुरलेला असावा, नाही तर पहिल्याच गर्दीत उखडतो. ओळीच्या वरच्या बाजूस साठलेली माती दर महिन्यास फावड्याने ओढून काढावी. चार माणसे एका दिवसात अशा बऱ्याच ओळी बसवितात. ज्याने शेतात समपातळीचे बांध घातले आहेत त्याला हे काम शिकविण्याची गरज नाही.

आगीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. सातपुडा काय अन् सातमाळा काय, ही पानगळीची राने आहेत. साग, सालई, अंजन, खैर, पळस यांची पाने माघ-फाल्गुनात जमिनीवर वाळून पडतात, आणि एक ठिणगी पुरते. पाहुण्याच्या विडीने व शेकोटीने आग लागते हे खरे. पण सगळा दोष पाहुण्याच्या माथी मारून चालणार नाही. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि ती आग झाडाखालीच राहत नाही. त्याऐवजी पाचोळा झाडून बाजूस करावा, किंवा झाडाखाली जुनी साडी अथवा जाळी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात. जे गाव स्वतः पाचोळा पेटविते त्याने पाहुण्यास विडी विझवावयास सांगितले तर तो ऐकणार नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत डोंगरावरील मुक्काम बंद ठेवावा हे बरे. त्या दिवसांत जळगावचे ऊन ४५ अंशांच्या आसपास जाते, रानातले पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर हक्क वन्य प्राण्यांचा असतो.

केरकचऱ्याची बाब पुष्कळांना क्षुल्लक वाटते. ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांना ती तशी वाटू नये. मीठ-मसाला लागलेले प्लॅस्टिकचे पाकीट गाय वासाने उचलते व गिळते. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, साठते. पचत नाही, पुढे सरकत नाही आणि रवंथातून वरही येत नाही. हळूहळू गोळा होतो, जनावर खाणे कमी करते, दूध तुटते, पोट फुगते. गोळा मोठा झाल्यावर शस्त्रक्रियेखेरीज उपाय नसतो. डोंगरावरच्या कुरणात चरावयास जाणारे प्रत्येक जनावर या धोक्यात असते. म्हणून वर जाणाऱ्या टोळीची पाकिटे व बाटल्या पायथ्याशी मोजाव्यात, नाव-गाव वहीत लिहून थोडी अनामत घ्यावी, आणि तितक्याच वस्तू परत दिसल्यावर ती परत करावी. नेपाळने २०१४ पासून एव्हरेस्टवर जाणाऱ्या प्रत्येकास स्वतःच्या सामानाखेरीज आठ किलो कचरा खाली आणण्याचा नियम केला. कारण तेच, युक्तीही बरीचशी तीच. शौचास बसण्याची जागा पाण्यापासून निदान शंभर पावले दूर असावी व वीतभर खड्डा करून तो बुजवावा, हे वाटाड्याने संकोच न करता सांगावे. नाल्याचे ते पाणी खाली आपलीच माणसे पितात.

आता रोजगाराचा हिशेब. समजा, २५ जणांची टोळी पावसाळ्यातील एका रविवारी आली. अशा टोळीबरोबर तीन वाटाडे हवेत. एक पुढे, एक मधे, एक शेवटच्या माणसामागे. प्रत्येकास ६०० रुपये धरले तर १,८०० होतात. परत आल्यावर गावातच जेवण. भाकरी, वांग्याचे भरीत, वरण-भात, मिरचीचा ठेचा. माणसी १५० रुपये धरले तर ३,७५०. एकूण ५,५५० रुपये. यातून धान्य, तेल, गॅस यांचे माणसी ७० प्रमाणे १,७५० गेले. एक दशांश, म्हणजे ५५५ रुपये, वाट व वन राखण्याच्या गावनिधीत गेले. उरले ३,२४५. त्यातील १,८०० तिघा वाटाड्यांचे आणि १,४४५ स्वयंपाक करणाऱ्या दोघी बायांचे. हंगामात असे बारा रविवार लाभले तर पाच घरांत मिळून ३८,९४० रुपये येतात आणि गावनिधीत ६,६६० जमतात. दर गावाने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावेत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. यातून कोणी श्रीमंत होणार नाही. पण मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, बी-बियाण्याचा खर्च निघेल, आणि ऊसतोडीला वा गुजरातेत जाणाऱ्या एखाद्या जोडप्याचा मुक्काम महिनाभर तरी कमी होईल.

हा पैसा कोणाच्या हाती पडतो यावर सर्व अवलंबून आहे. रस्त्यालगतच्या दोन घरांनी सगळे पाहुणे अडवून धरले, तर वरच्या पाड्यातील माणसाला जंगल राखण्यात स्वारस्य राहणार नाही. म्हणून पाळी लावावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात पुरुषवाडी येथे पाहुण्यांची जेवणे व मुक्काम घराघरांत पाळीने देण्याची पद्धत आहे. स्वयंपाकाचे पैसे बायकांच्या बचत गटाच्या खात्यावर यावेत, कारभाऱ्याच्या खिशात नव्हे. काम त्यांचे आहे. पाळी लावण्यास आणखी एक कारण आहे. पावसाळ्यातील हा हंगाम नेमका निंदणी-कोळपणीचा असतो. घरचा तरणा मुलगा दर रविवारी डोंगरावर गेला तर कपाशीत तण राहते, आणि त्याचे नुकसान सहाशे रुपयांहून मोठे असते. खरे पाहता नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ गावाला अधिक सोयीचा आहे. खरिपाची सुगी झालेली, वाटा कोरड्या, आकाश निरभ्र, आणि भरताच्या वांग्यांचा ऐन बहर. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेतात तुरीच्या वा कपाशीच्या काड्यांवर भाजलेले भरीत व कळण्याची भाकरी खाण्यासाठी शहरी माणूस आपण होऊन येतो. त्याला सकाळी डोंगर दाखवावा.

मुक्कामाच्या टोळ्या भांडीकुंडी व तंबू वर नेण्यासाठी गडी मागतात. येथे ओझ्याची मर्यादा आधीच ठरवावी. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात डोंगरवाटेवरील ओझेकऱ्यांसाठी २००१ मध्ये कायदा झाला, आणि एका माणसावर वीस किलोहून अधिक भार टाकू नये असे ठरले. आपल्याकडे निसरड्या वाटेवर पंधरा किलो पुरेत. ओझे वाहणाऱ्याच्या पायात चांगले जोडे व अंगावर इरले किंवा प्लॅस्टिकचा अंगरखा असावा, त्याचे जेवण टोळीने द्यावे, आणि तो घसरून पडला तर औषधाचा खर्च सहल भरविणाऱ्याचा, हे आगाऊ कागदावर लिहून घ्यावे. मजुरी शेतमजुरीच्या दरापेक्षा कमी घेऊ नये. दोन पाड्यांतील तरुण एकमेकांचा दर पाडू लागले की नफा तिसऱ्याचाच होतो.

पाहुण्याला वाट पूर्ण बंद करून टाकणे हा सोपा मार्ग वाटतो, परंतु त्याची किंमतही गावच देते. हिमालयात नंदादेवी शिखराच्या परिसरात गिर्यारोहकांच्या गर्दीने फार नासधूस झाली, म्हणून १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान करून प्रवेश बंद झाला. डोंगर सावरला. पण पायथ्याच्या लाता व रैणी या गावांतील वाटाडे व ओझेकरी यांचा रोजगार बुडाला. रैणी म्हणजे १९७४ मध्ये जेथील बायकांनी चिपको आंदोलनात झाडे वाचविली तेच गाव. ज्यांनी वन राखले त्यांच्याच वाट्याला बंदी आली! २००१ मध्ये लाता ग्रामस्थांनी सभा घेऊन जाहीर केले की पर्यटन चालावे, पण ते स्थानिकांच्या हातून, डोंगराला सोसेल इतकेच. २००३ पासून मर्यादित संख्येने ती वाट पुन्हा उघडली गेली.

सोसेल इतकेच म्हणजे किती, हे प्रत्येक वाटेवर वेगळे असते. वाटाड्यांच्या संख्येवरून आरंभ करावा. गावात सहा शिकलेले वाटाडे असतील तर एका वेळी पन्नासांहून अधिक माणसे वर सोडू नयेत. शिकलेला म्हणजे ज्याला प्रथमोपचार येतो, सर्पदंश झालेल्यास पट्टी आवळून वा चिरा न देता न हलविता थेट दवाखान्यात न्यावयाचे असते हे ज्याला ठाऊक आहे, आणि वरच्या अंगाला ढग फुटल्याचे दिसताच जो धबधब्याखालची माणसे तत्काळ बाहेर काढतो. खाली ऊन असताना वरून लोंढा येतो, हे शहरी माणसास खरेच वाटत नाही. पितळखोऱ्यासारख्या कड्यांच्या जागी आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तराचा वास व आरडाओरड तिन्ही वर्ज्य. वाटाड्याने नको म्हटल्यावर टोळीने पुढे जावयाचे नाही, ही अट निघण्यापूर्वीच मान्य करून घ्यावी आणि न मानणाऱ्यास पैसे परत देऊन वाटेस लावावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवल्यास वेळेवर होईल. वनपाल, सहायक कृषी अधिकारी व बचत गटाच्या अध्यक्षा यांना त्या सभेस बोलवावे. दर, पाळी, संख्या व बंदचे महिने यांचा ठराव करून तो पायथ्याशी मराठीत मोठ्या अक्षरांत लावावा. पुढील तीन आठवड्यांत, शेतीची मशागत उरकून पहिला पाऊस पडण्यापूर्वी, वाटेवरील आडव्या दगडांच्या ओळी बसवून घ्याव्यात. अभयारण्यातील वाट असेल तर वनखात्याची लेखी परवानगी त्याआधी हाती असावी.